साथीची आगाऊ चाहूल आणि एआय: खानापूर-चंदगड पट्ट्यातल्या डॉक्टरांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या (कर्नाटक) खानापूर तालुक्यातल्या एका तरुण डॉक्टरांचा आहे. शेजारचा चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात येतो. थोडक्यात असा: तालुक्यातल्या काही खासगी डॉक्टरांनी एकत्र येऊन साथरोगांवर लक्ष ठेवायची काहीतरी सोय करायची ठरवली आहे. एका साखर कारखान्याच्या सीएसआर निधीतून (समाजकार्यासाठी राखलेले पैसे) थोडे पैसे मिळतील. एक कंपनी येऊन सादरीकरण करून गेली. ‘एआयवर चालणारा डॅशबोर्ड देतो, डेंग्यूची साथ चार आठवडे आधी सांगतो’ असं तिचं म्हणणं. घ्यावा का? आणि नसेल घ्यायचा तर त्याच पैशात काय करावं?

डॉक्टर, आधी निकाल सांगतो, कारणं मग. चार आठवडे आधीच्या अंदाजासाठी पैसे घालू नका. एआय मात्र जरूर वापरा, आलेली माहिती वाचायला, जुळवायला आणि नीट लावायला. मी एपिडेमिऑलॉजिस्ट, म्हणजे साथरोगांचा अभ्यासक म्हणून बेळगाव जिल्ह्यात काम केलंय आणि पलीकडं कोल्हापूर जिल्ह्यातही. दोन्हीकडं एकच गोष्ट दिसली. आपल्या भागात रुग्ण येतात, तपासले जातात, त्यांची नोंदही होते, पण ते एका जागी दिसत नाहीत. तीन बेळगावच्या सिव्हिलमध्ये, दोन चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयात, एक गोव्यात आणि तुमच्यासारख्या चार डॉक्टरांकडं एकेक. दहा जणांची साथ असते आणि कुणाच्याच वहीत तीनपेक्षा जास्त नावं नसतात. उद्याचा अंदाज नंतर बघू, आधी आजचं तरी दिसायला हवं.

कंपनीवाल्याशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून सरकारी चौकट दोन ओळींत. आयडीएसपी, म्हणजे एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम, २००४ मध्ये सुरू झाला. गावात आरोग्य कर्मचारी लक्षणांवरून एस फॉर्म भरतात, डॉक्टर संशयित निदानावरून पी फॉर्म भरतात आणि प्रयोगशाळा एल फॉर्म. पूर्वी हे कागदावर आठवड्याला वर जायचं. त्याचं ऑनलाइन रूप म्हणजे आयएचआयपी. ते २०१८ च्या नोव्हेंबरात सात राज्यांत आलं, त्यात कर्नाटक होतं. देशभर आलं ते २०२१ च्या एप्रिलमध्ये. आता नोंद आकड्यांची होत नाही, रुग्णागणिक होते, गावासकट. त्यामुळं ‘तुमच्याकडं डेटाच नाही, आम्ही तो तयार करतो’ असं कुणी म्हणालं तर समजा की त्यानं गृहपाठ केलेला नाही.

डेटा आहे, पण फाटका आहे. आणि तो नेमका हद्दीवर फाटतो.

तुर्केवाडीचा माणूस तापानं फणफणला की चंदगडपेक्षा बेळगावला यायचं बघतो. वडाप (शेअर जीप) मिळतं, दवाखाने मोठे, आणि कुणी ना कुणी नातेवाईक इथं असतोच. समजा बहीण शहापुरात दिली आहे. काउंटरवर पत्ता विचारला की दाजी स्वतःचा पत्ता सांगतात, कारण फोन त्यांचा, पैसे भरणार ते. नोंद होते ‘शहापूर, बेळगाव महापालिका’. मग महापालिकेची माणसं येऊन शहापूरच्या गल्लीत धूर फवारतात, आणि अळ्या तुर्केवाडीच्या सिमेंटच्या टाकीत निवांत वाढतात. चंदगडच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, कारण त्याच्या राज्याच्या यादीत तो रुग्ण नाहीच. कोविडात कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर रिपोर्ट बघून गाड्या सोडत होते, तेव्हा हद्द सगळ्यांना दिसली. एरवी ती फक्त लाईन लिस्टमध्ये, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण अशा यादीत असते.

यावर उपाय साधा आहे आणि त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. पत्त्याच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा: ताप यायच्या आधीचे दहा-पंधरा दिवस कुठं होता? डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप यायला ४ ते १० दिवस लागतात. माकडतापाला गोचीड चावल्यावर साधारण ३ ते ८ दिवस. लेप्टोला (लेप्टोस्पायरोसिस) बहुतेक वेळा ५ ते १४. पटकीला (कॉलरा) काही तासांपासून ५ दिवसांपर्यंत. म्हणजे रोग कुठं लागला हे आधार कार्डावरचा पत्ता सांगत नाही, हा रकाना सांगतो. सौंदत्तीची यल्लम्मा आणि चिंचलीची मायाक्का, दोन्ही यात्रांना कोल्हापूर-सांगलीकडचे लोक हजारोंनी येतात आणि जुलाब सुरू होतात ते घरी पोचल्यावर, शेकडो गावांत विखरून. ‘यात्रेला गेलो होतो’ एवढे तीन शब्द प्रत्येक केसपेपरावर असले तर कुठल्याही मॉडेलशिवाय ती साथ दोन दिवसांत दिसते.

दुसरा रकाना तारखेचा. ताप सुरू झाल्याची तारीख, दवाखान्यात आल्याची तारीख आणि रिपोर्टची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक ठिकाणी शेवटचीच नोंदली जाते. डेंग्यूची एनएस१ चाचणी (रक्तात विषाणूचा अंश शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम (शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी) त्यानंतर. एलायझा या तपासणीसाठी नमुन्यांचा संच भरेपर्यंत लॅब थांबते, मग एकाच दिवशी वीस रिपोर्ट पॉझिटिव्ह निघतात. रिपोर्टच्या तारखेवर आलेख काढला की दर आठवड्याला एक उंच खांब दिसतो आणि बाकी दिवस सपाट. कंपनीचं मॉडेल हाच आलेख शिकणार असेल तर ते साथ शिकत नाहीये, लॅबचं वेळापत्रक शिकतंय.

आता एआय कुठं कामाला येतं ते सांगतो, कारण इथं त्याची खरी मदत होते.

एखाद्या पावसाळ्यातली लाईन लिस्ट उघडून गावाचा रकाना वाचा. ‘कंग्राळी’, ‘कंग्राळी बी.के.’, ‘के. बुद्रुक’, ‘कंग्राळी खु.’, मधेच एक ओळ कन्नड लिपीत, आणि एकदा नुसतंच ‘बेळगाव ग्रामीण’. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन वेगळी गावं आहेत. नुसतं ‘कंग्राळी’ लिहिलेला रुग्ण कुठल्या गावचा? शहराचंही तेच: जुन्या नोंदींत बेळगाव, २०१४ च्या १ नोव्हेंबरनंतरच्या सरकारी नोंदींत बेळगावी, खासगी लॅबच्या छापील पावतीवर आजही जुनंच. हे हातानं लावायला एका ऑपरेटरला आठवडा जातो, आणि तो आठवडा साथीच्या काळात त्याच्याकडं नसतो. भाषेची मॉडेल्स, म्हणजे मजकूर वाचणारी-लिहिणारी एआय, हे काम मिनिटांत करतात. मराठी, कन्नड आणि इंग्रजी स्पेलिंग शेजारी ठेवून ती केंद्र सरकारच्या एलजीडी यादीतल्या गावकोडांशी (प्रत्येक गावाचा ठरलेला क्रमांक) जुळवतात आणि जिथं खात्री नाही तिथं दोन पर्याय पुढं ठेवतात. असल्या दहा-वीस ओळी उरतात. त्यासाठी रुग्णाला फोन करायचा. तेवढं जमतं.

असंच दुसरं काम दुहेरी नोंदींचं. एकच रुग्ण आधी तुमच्याकडं, मग सिव्हिलला, मग बेळगावच्या केएलई रुग्णालयात. नावाचं स्पेलिंग तीन प्रकारचं, वय एकदा ३४, एकदा ३५. एक रुग्ण तीन दिसतो आणि कागदावर साथ आहे त्याहून मोठी वाटते. नाव, वय, गाव आणि तारीख यांची जुळणी करणारी साधी पद्धतही यात पुष्कळ काम करते, त्यासाठी महागडं काही लागत नाही.

तिसरं काम केसपेपर वाचायचं. डॉक्टरांच्या टिपणांतून, डिस्चार्ज कार्डातून, आशाताईंच्या व्हॉइस मेसेजमधून रकाने भरून घेता येतात: लक्षण, सुरुवातीची तारीख, प्रवास, काम. इथं मात्र सावध राहा. ही मॉडेल्स रिकामी जागा बघवत नसल्यासारखी वागतात. टिपणात तारीख नसली तर दाखल झाल्याच्या तारखेतून तीन दिवस वजा करून बिनदिक्कत तारीख टाकून देतात, आणि ती खरीच दिसते. म्हणून सूचनेतच ‘नोंद नाही’ हा पर्याय सक्तीचा करा. सुरुवातीच्या पन्नासेक केसपेपरांचे रकाने एका माणसानं स्वतंत्रपणे हातानं भरावेत आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघाव्यात. किती चुकलं यापेक्षा कुठल्या रकान्यात चुकलं ते बघा. माझ्या अनुभवात लक्षणं बरी निघतात, तारखा आणि नात्यातल्या माणसांचे उल्लेख घोळ घालतात. ‘भावाला पण ताप होता’ हे वाक्य रुग्णाच्या खात्यावर चढतं. व्हॉइस मेसेजचं म्हणाल तर पुण्या-मुंबईच्या मराठीवर तयार झालेली यंत्रं आपल्याकडच्या कन्नड-कोकणी मिसळलेल्या बोलण्यात अडखळतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या आशाताईंचे थोडे मेसेज आधी चालवून बघा, मगच भरवसा ठेवा.

चौथं काम बातम्या वाचायचं, आणि ते सरकार आधीच करतंय. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात, म्हणजे एनसीडीसीत, बातम्या चाळणारा कक्ष २००८ पासून आहे. पूर्वी माणसं पेपर वाचायची. २०२२ पासून वाधवानी एआय या संस्थेनं बनवलेली ‘हेल्थ सेंटिनेल’ नावाची प्रणाली तिथं वापरात आहे. ती १३ भाषांतल्या बातम्या चाळते. या प्रणालीवर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आकडे आहेत: ३० कोटींहून जास्त बातम्या वाचून तिनं ९५,००० च्या वर आरोग्यविषयक घटना वेगळ्या काढल्या, आणि त्यातल्या साधारण ३,५०० तिथल्या तज्ज्ञांनी संभाव्य साथ म्हणून निवडल्या. म्हणजे यंत्रानं गवताची गंजी उपसून दिली, सुई माणसांनीच उचलली. हे मला योग्य वाटतं. आपल्या भागापुरती अडचण एवढीच की बेळगावच्या मराठी-कन्नड दैनिकांची आतली तालुका पानं, जिथं ‘अमुक गावात तापाचे रुग्ण, पंचायतीचं दुर्लक्ष’ अशी चार ओळींची बातमी येते, ती कित्येकदा वेबवर फक्त चित्र म्हणून असतात, मजकूर म्हणून नाही. तुमच्या गटातल्या कुणीतरी सकाळी चहाबरोबर ती पानं बघून फोटो टाकला तरी ही फट बुजते.

आता चार आठवड्यांच्या अंदाजाकडं येऊ. हा आकडा कंपनीनं हवेतून काढलेला नसावा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या (आयआयएससी) आर्टपार्क या केंद्रानं कर्नाटक आरोग्य खात्याबरोबर डेंग्यूच्या आगाऊ इशाऱ्यावर काम केलंय, आणि त्यात चार आठवडे हीच मुदत बोलली जाते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या डेंग्यू मृत्यूंवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हवामानावरून दोन महिन्यांहून आधी कल्पना येऊ शकते असं दाखवलंय. मेहनतीचं काम आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्यातले तपशील वाचा: पुण्यात २७ अंशांच्या वर सरासरी तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि बेताचा पाऊस ही जोडी डेंग्यूला पोषक, आठवड्याला १५० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अळ्या वाहून जातात आणि रोग घटतो. आता हे बेळगावला लावून बघा. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरच्या आपल्या गावात जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी तापमान २७ च्या बरंच खाली असतं, आणि डेंग्यू तरीही होतो. शिवाय जिल्हा एक असला तरी हवामान एक नाही. कणकुंबी-आमगावात वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस, अथणीत जेमतेम पाचशेच्या आसपास. ‘बेळगाव जिल्ह्याचा अंदाज’ म्हणजे या दोघांची सरासरी, आणि तशा हवामानाचं गाव जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही: नळाला पाणी किती दिवसांनी येतं. ज्या भागात आठवड्यातून एकदा पाणी सुटतं तिथं लोक बॅरल, हौद, घागरी, काही म्हणजे काही रिकामं ठेवत नाहीत. एडिस डासाला तेच हवं असतं. त्याची अंडी कोरड्या भिंतीला चिकटून महिनोन्महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून कोरड्या भागात ऐन उन्हाळ्यातही डेंग्यू दिसतो, पावसाचा थेंब नसताना. बेळगाव शहरातल्या काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला, शेजारच्या वॉर्डांत पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा. अंदाजच करायचा असेल तर पंचायतीच्या वॉटरमनची वही हा हवामानाइतकाच मोलाचा डेटा आहे. कंपनीला विचारून बघा, त्यांच्या मॉडेलमध्ये तो आहे का.

विचारायचंच तर एक परीक्षाही घ्या. मागच्या तीन-चार वर्षांची तुमच्या तालुक्याची आठवडेवार आकडेवारी काढा. त्यातली जूनपर्यंतचीच त्यांना द्या आणि जुलै-ऑगस्टचा अंदाज लेखी मागा. मग तो ‘पुढच्या आठवड्यात या आठवड्याइतकेच रुग्ण’ या बिनडोक अंदाजाशी ताडून बघा. हसू नका, पुष्कळ मोठमोठी मॉडेल्स या परीक्षेत नापास होतात. गूगलनं २००८ मध्ये ‘फ्लू ट्रेंड्स’ सुरू केलं होतं, लोक काय शोधतात त्यावरून फ्लूचा अंदाज. २००९ च्या स्वाइन फ्लूची पहिली लाट त्याला दिसली नाही. २०१२-१३ च्या हंगामात त्यानं प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट रुग्ण सांगितले. २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या विश्लेषणानं दाखवलं की सीडीसीचा (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) तीन आठवड्यांचा शिळा आकडा पुढं ओढला तरी त्याहून बरा अंदाज येतो. २०१५ मध्ये ते बंद केलं. गूगलकडं डेटा कमी होता असं तर कुणी म्हणणार नाही.

समजा परीक्षा पास झाली. तरी एक हिशेब करून बघा, कारण इथंच बहुतेक प्रकल्प बुडतात. धरून चाला की यंत्र दर आठवड्याला १,००० गावं तपासतं, त्यातल्या २ गावांत खरंच साथ आहे, आणि दोन्ही ते पकडतं. निरोगी गावाला ‘ठीक आहे’ म्हणण्यात ते १०० पैकी ९५ वेळा बरोबर असतं. ऐकायला झकास. पण उरलेल्या ९९८ गावांपैकी ५ टक्के म्हणजे ५० गावांवर खोटी घंटा वाजते. आठवड्याला ५२ घंटा, खऱ्या २. तालुक्याला एक जीप, ती पण बरेचदा लसीकरणाला गेलेली. तिसऱ्या आठवड्यापासून कुणीही घंटेकडं बघत नाही, आणि चौथ्या आठवड्यात जी खरी असते ती पण तशीच राहते. कंपनी ‘९५ टक्के अचूक’ म्हणेल तेव्हा हा कागद पुढं ठेवा आणि विचारा: आठवड्याला किती इशारे येणार, आणि त्यातले किती खरे?

तुमच्या आकाराच्या गटाला इशाऱ्यासाठी मशीन लर्निंगची गरजच नाही. या आठवड्याचा आकडा मागच्या काही वर्षांच्या याच आठवड्याच्या आगे-मागे तीन-तीन आठवड्यांच्या सरासरीशी ताडा. सरासरीहून दोन प्रमाण-विचलनांच्या (आकडे एरवी किती खाली-वर होतात त्याचं माप) वर गेला तर फोन उचला. हळूहळू चढणारा आकडा पकडायला क्यूसम नावाची जुनी पद्धत आहे, ती साध्या एक्सेलमध्ये बसते. फक्त दोन पथ्यं पाळा. गणपती-दिवाळीच्या आठवड्यात ओपीडी ओस पडते आणि पुढच्या सोमवारी तुंबते, त्याला साथ समजू नका. आणि शून्य व रिकामं यातला फरक जीव तोडून सांभाळा. ‘आज एकही ताप नाही’ हे शून्य. ‘आज कुणी नोंदच केली नाही’ हे रिकामं. यंत्र दोन्हीला शून्य समजतं. मग ज्या केंद्रातली नर्स दोन महिने रजेवर आहे ते गाव नकाशावर सगळ्यात निरोगी, हिरवंगार दिसतं.

क्षयरोगाचं वेगळं. तिथं एआय सिद्ध झालेलं आहे. छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या लोकांसाठी मान्यता दिली, आणि २०२४ च्या ७ डिसेंबरला सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रं त्यासह फिरली. तुमच्याकडं सोय झाली तर डोळे झाकून घ्या. ‘संशयित’ म्हणायची रेषा कुठं आखायची ते मात्र तालुक्याच्या क्षयरोग अधिकाऱ्याबरोबर बसून ठरवा.

खानापूरकर म्हणून तुमचा खरा विषय डेंग्यू नाहीच, माकडताप आहे. तुम्ही प्रश्नात त्याचं नावही घेतलं नाही याचं थोडं नवल वाटलं. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा विषाणू सापडला. पुढं कित्येक वर्षं तो त्याच भागात होता. मग सह्याद्रीच्या कण्यानं उत्तरेकडं सरकत २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गकडं मोठा उद्रेक, आणि त्याच सुमारास बेळगाव जिल्ह्यातही रुग्ण. हंगाम डिसेंबर ते मे, गोचिडांची पिल्लं त्या काळात जास्त असतात. काजूचा हंगाम फेब्रुवारीपासून. खानापूरची माणसं काजू गोळा करायला, बागा साफ करायला दोडामार्ग-सत्तरीकडं उतरतात, तिथं गोचीड चावते आणि ताप भरतो तो घरी आल्यावर. तीन राज्यांच्या तीन याद्या, आणि मधे काजूची एकच बाग. नमुना शिवमोग्ग्याच्या प्रयोगशाळेच्या किंवा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या (एनआयव्ही) वाटेनं जातो तोवर रुग्णाच्या घरचे ‘टायफॉइड म्हणाले’ म्हणून गोळ्या देत असतात.

इथं यंत्राची मदत हंगामाच्या आधी होते. जंगल, बाग, गुरं आणि जुने रुग्ण यांवरून धोक्याचे नकाशे काढायचं चांगलं काम झालेलं आहे. त्यात बेंगळुरूची निवेदी ही पशुरोग संस्था आणि काही परदेशी संशोधक होते. घनदाट अखंड जंगलापेक्षा जंगल आणि बागा एकमेकांत घुसलेला भाग जास्त धोक्याचा, असं त्यातून दिसतं. तुमच्या तालुक्याच्या पश्चिमेकडचं वर्णन करायला सांगितलं तर मी हेच शब्द वापरीन. तो नकाशा हाताशी ठेवून नोव्हेंबरातच ठरवता येतं की डेपा तेल (गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचं) आणि माहिती कुठल्या वाड्यांत आधी पोचवायची. हंगाम सुरू झाल्यावर मात्र सगळ्यात मोलाची खबर मेलेल्या माकडाची असते, आणि तिला एआय लागत नाही. गुराखी, लाकडाला जाणाऱ्या बाया, वनरक्षक यांच्याकडून जागेसह फोटो एका व्हॉट्सअॅप नंबरवर यावा, तो वनखातं, पशुवैद्य आणि तालुका आरोग्य अधिकारी या तिघांना त्याच दिवशी दिसावा. मेलेल्या माकडाजवळ कुणी जायचं नाही, हे आधी बजावून. गोचिडी थंड शरीर सोडून आजूबाजूला पसरतात.

निवेदीचं आणखी एक काम सांगून ठेवतो, कारण माणसांचे डॉक्टर त्याकडं बघत नाहीत. जनावरांच्या रोगांचा जिल्हावार अंदाज ते दोन महिने आधी काढतात, नॅड्रेस नावानं. गुरांच्या दवाखान्यातल्या माणसाला तुमच्या गटात घ्या. लेप्टो, ब्रुसेला, गोचीडताप, यातलं पुष्कळ काही आधी त्याच्याकडं येतं.

गुप्ततेबद्दल थोडकंच, पण ठाम. रुग्णाचं नाव, फोन आणि निदान एकत्र असलेली एकही फाईल फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकायची नाही. नाव-फोन काढून त्याजागी क्रमांक घाला, जुळवणीची यादी तालुक्यातच एका संगणकावर ठेवा. गावाचं नाव ठेवावं लागतं, पण शे-दोनशे वस्तीच्या वाडीत ‘बाई, ३२, काजूकाम’ एवढ्यावरून माणूस ओळखता येतो, म्हणून नकाशा लोकांपुढं ठेवायचा तो ग्रामपंचायत पातळीचा. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा आहे, एकूण वैयक्तिक डेटाबाबत २०२३ चा, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) २०२३ मध्येच आरोग्यातल्या एआयसाठी नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. कंपनीच्या कराराबरोबर ती ठेवून वाचा. शिवाय २०२४ च्या सप्टेंबरात कर्नाटकानं डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केलंय, तेव्हा तुम्ही समांतर यादी ठेवताय म्हणून सरकारी नोंद चुकवायची मुभा मिळत नाही. तुमची यादी आयएचआयपीला पूरक असावी, पर्याय नव्हे.

आता पैसे. एक पूर्णवेळ डेटा ऑपरेटर ठेवा, मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येणारा. हद्दीवर ही माणसं मुबलक आहेत, आपली ही श्रीमंती उगाच वाया जाते. त्याला एक बरा लॅपटॉप आणि भाषेच्या मॉडेलचं पैसे भरून घेतलेलं, डेटा न साठवणारं खातं द्या. लॅबशी बोलून रिपोर्टवर ‘ताप सुरू झाल्याची तारीख’ आणि ‘आधी कुठं होता’ छापून घ्या. नमुना घेतानाच टेक्निशियन विचारील. दर सोमवारी दुपारी पंधरा मिनिटांचा फोन ठेवा: खानापूर, बेळगाव ग्रामीण, चंदगड आणि हंगामात दोडामार्ग. अधिकृत पत्रव्यवहारातून दोन राज्यांत हे घडायला महिने लागतील, डॉक्टरांच्या ओळखीतून आठवड्यात घडतं. ते अधिकृत करायचा आग्रहही धरू नका, उगाच कुणीतरी परवानगी मागायला लावील.

आणि प्रत्येक साथीच्या तीन तारखा लिहून ठेवा: पहिला रुग्ण कधी, कुणाच्या लक्षात कधी आलं आणि कळवलं कधी, काम सुरू कधी झालं. जगभर आता ७-१-७ हा निकष वापरतात: सात दिवसांत ओळख, एका दिवसात कळवणं, पुढच्या सातांत पहिली कारवाई पुरी. वर्षभर या तारखा जमल्या की तुमचा वेळ कुठं जातो ते कळेल. तो ‘ओळख’ या टप्प्यात जात असेल तर कंपनीला परत बोलवा, तेव्हा तुमच्याकडं परीक्षेला लागणारा स्वच्छ डेटाही असेल. माझा कयास आहे की तो ‘कळवणं’ आणि ‘काम सुरू’ यांच्या मधे जातो, आणि तिथं विकत घेण्यासारखं सॉफ्टवेअर अजून मी तरी बघितलेलं नाही.

कंपनीशी कधीकाळी करार झालाच तर एक अट आधी घाला: सगळा डेटा केव्हाही, एका बटणात, साध्या स्प्रेडशीटमध्ये बाहेर काढता आला पाहिजे आणि करार संपल्यावर त्यांच्याकडून पुसला गेला पाहिजे. माकडतापाचा हंगाम डिसेंबरात सुरू होतो. ऑपरेटर आणि लॅबचा फॉर्म ही दोन कामं दिवाळीआधी उरकून घ्या.